उघड्या विटांसाठी स्प्रे मशीन निवडताना

गिलावा न केलेली विटांची भिंत रंग पिते, असं रंगारी म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे. साध्या भाजक्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं, तरी भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०७७) ती चांगली वीट ठरते. त्यात विटेच्या अंगावरचे खड्डे, भाजताना पडलेल्या चिरा आणि दोन थरांमधल्या आत दबलेल्या दर्जा यांची भर घाला. बंगल्याच्या आवारातल्या गॅरेजच्या अशा भिंतीला रंग देण्यासाठी स्प्रे मशीन घ्यायला गेलं, की दुकानात मोटरचे वॉट, कपाचं माप आणि किंमत सांगितली जाते. भिंतीच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे: डब्यातला घट्ट रंग जास्तीचं पाणी न घालता हे मशीन पुढे ढकलू शकतं का? या एका प्रश्नावर बाजारातली बहुतेक स्वस्त मशीनं बाद होतात आणि ती बाद करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फवाऱ्याने भिंत रंगवण्याची सुरुवात अशाच ओबडधोबड भिंतींपासून झाली. १८८७ साली शिकागोतल्या मार्शल फील्ड या व्यापारी पेढीच्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींना सफेदी करण्यासाठी हातपंपाचं यंत्र तयार केलं. पुढे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातल्या प्रचंड पांढऱ्या इमारती याच पद्धतीने रंगवल्या गेल्या. पण बिंक्स यांच्या पंपातून जात होती ती पाण्यासारखी पातळ सफेदी. आज आपण विटेवर देतो तो बाहेरच्या भिंतींचा इमल्शन रंग कितीतरी घट्ट असतो, आणि तो घट्ट असावाच लागतो. समजा, रंगाच्या आकारमानात ४० टक्के घन भाग आहे. भिंतीवर १०० मायक्रॉनचा ओला थर दिला, तर वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतात. त्याच रंगात निम्मं पाणी ओतलं, तर तेवढ्याच ओल्या थरातून जेमतेम २७ मायक्रॉन हाती लागतात. एरवीच तहानलेल्या विटेवर हा पातळ थर आत मुरून जातो, भिंत डागाळलेली दिसते आणि मग तिसरा, चौथा हात मारावा लागतो.

हातात धरायच्या विजेच्या गन आणि ‘एचव्हीएलपी’ म्हणजे भरपूर हवा, कमी दाब या तत्त्वावरची मशीनं इथेच तोकडी पडतात. त्यांच्या तोंडाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत असतो. गाडीचा पत्रा, कपाट, दाराची चौकट अशा गुळगुळीत पृष्ठभागावर पातळ रंगाचा नितळ थर देण्यासाठी ती उत्तम आहेत. घट्ट रंग मात्र त्यांच्याने तुटत नाही, म्हणून सोबत रंगाचा पातळपणा मोजायचं छोटं भांडं दिलेलं असतं. शिवाय हवेचा झोत दर्जेच्या खाचेत शिरतो, आपटून परत फिरतो आणि येताना रंगाचे थेंबही बाहेर आणतो. कप लहान, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, ते वेगळंच.

एअरलेस मशीनमध्ये हवा रंगात मिसळतच नाही. दट्ट्याचा पंप नुसत्या रंगावर २००० ते ३००० पीएसआय इतका दाब आणतो आणि बारीक छिद्रातून बाहेर पडताना रंग स्वतःच्याच वेगाने फुटतो. इथे निवडीचं खरं माप म्हणजे नोझल, ज्याला रंगारी टिप म्हणतात. टिपवरच्या तीन आकड्यांपैकी पहिल्याची दुप्पट केली, की फूटभर अंतरावरून पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी इंचात मिळते. उरलेले दोन आकडे म्हणजे छिद्राचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे ५१७ ची टिप दहा इंच रुंद पट्टा देते आणि तिचं छिद्र ०.०१७ इंचाचं असतं. उघड्या विटेला ५१७ पासून ५२१ पर्यंतच्या टिप योग्य. परंतु छिद्र वाढलं, की पंपाला जास्त रंग पुरवावा लागतो. ०.०१७ च्या छिद्रातून मिनिटाला सुमारे १.२ लिटर रंग जातो, ०.०२१ मधून सुमारे १.८ लिटर. मशीनच्या माहितीपत्रकात ‘जास्तीत जास्त टिप’ म्हणून ०.०१५ लिहिलं असेल, तर मोटर कितीही वॉटची असो, ते विटेच्या कामाचं नाही. अगदी ०.०१७ वर थांबणारं मशीनही काठावरचं समजावं, कारण रंगातल्या खनिज भुकटीने टिप झिजते, छिद्र मोठं होतं आणि दाब घटतो.

मात्र एअरलेस मशीन आणलं, की काम झालं, असंही नाही. समोरून मारलेला फवारा विटेचा दर्शनी भाग झाकतो, पण दर्जेच्या वरच्या-खालच्या कडा कोऱ्याच राहतात. म्हणून एक फेरी वरून तिरकी, एक खालून तिरकी मारावी आणि रंग ओला असतानाच लांब केसांचा रोलर त्यावरून फिरवावा. फवारा रंग पोहोचवतो, रोलर तो खड्ड्यांत दाबतो. पहिल्या हाताला हे केलंच पाहिजे. ‘रोलर लागणारच असेल, तर मशीन हवं कशाला?’ ही शंका रास्त आहे आणि काही भिंतींबाबत तिचं उत्तर ‘नको’ असंच आहे. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच गॅरेजच्या चार भिंती मिळून ४५ चौरस मीटर भरतात, शटर वगळलं तर त्याहून कमी. पाव इंची, १५ मीटरच्या पाइपातच जवळजवळ अर्धा लिटर रंग अडकतो. शटर, खिडकी, वायरिंग, फरशी झाकायला आणि शेवटी पंप धुवायला बराच वेळ जातो. दर्जा विटेच्या पातळीत भरलेल्या असतील, तर ब्रश आणि रोलरनेच काम करावं. दर्जा खोल असतील, तर मात्र प्रत्येक खाचेत ब्रश टोचत बसण्यापेक्षा मशीन कितीतरी सरस ठरतं. तेव्हाही एका गॅरेजसाठी ते विकत न घेता चांगल्या क्षमतेचं मशीन दिवसभराच्या भाड्याने आणणं शहाणपणाचं. स्वस्त गन विकत घेण्याचा मधला मार्ग मला सर्वांत महागडा वाटतो, कारण त्यात पैसेही जातात आणि भिंतही बिघडते.

भिंत ओली असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. विटेतलं पाणी बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणतं, तोच लोणा. त्यावर रंगाचा बंद थर बसला, की फुगे येतात आणि पोपडे सुटतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळा संपल्या संपल्या हे काम काढू नये, भिंतीला नीट सुकू द्यावं. लोणा पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावा, ओल कुठून येते ते शोधावं, नव्या दर्जा भरल्या असतील तर महिनाभर थांबावं आणि मग सिमेंटचा क्षार सोसणारा प्रायमर द्यावा.

एअरलेसवरचा सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. इतक्या दाबाचा फवारा जवळून लागला, तर रंग कातडी भेदून आत शिरतो. वरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, पण आतल्या ऊती मरू लागतात आणि बोट कापावं लागण्याची वेळ येऊ शकते. म्हणून टिपभोवतीचं संरक्षक कडं आणि घोड्याचं कुलूप शाबूत असल्याशिवाय भाड्याचं मशीन घेऊ नये, आणि तुंबलेली टिप काढण्याआधी मशीन बंद करून दाब पूर्ण सोडावा. तरीही फवारा लागलाच, तर मलमपट्टी करत न बसता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं आणि कुठला रंग आत गेला ते डॉक्टरांना कळावं, म्हणून डबाही बरोबर न्यावा.