नाव बदलता बदलेना!

फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराच्या नव्या नावास केंद्र सरकारची संमती मिळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाच्या अधिसूचनेने जिल्हा व तालुकाही धाराशिव झाले. मग पाट्या, शिक्के, कागदांवरील मथळे बदलण्याची धांदल सुरू झाली. त्या मानाने संगणकातील फोल्डरचे नाव बदलणे म्हणजे चुटकीसरशी होणारे काम! पण तसे झाले नाही.

त्या दिवसांत बेंबळीतील एका लहानशा कार्यालयातून मला बोलावणे आले. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पण खेड्यात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे पंख्यापासून संगणकापर्यंत सर्वांचा वैद्य! तेथील लिपिक घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "सर, सकाळपासून बघतोय, 'उस्मानाबाद' फोल्डरचं नाव बदलंना झालंय. शेवटी नक्कल काढून तिला 'धाराशिव' नाव दिलं. आता जुना फोल्डर पुसावा म्हटलं, तर पुसूबी देईना. बटन बंद करून बघू का?"

"थांबा," मी म्हणालो, "आधी संगणक काय सांगतो ते वाचू."

पडद्यावर सूचना होती, की या फोल्डरमधील एखादी फाईल दुसरीकडे उघडी आहे.

नाव असते कोठे?

विद्यार्थिमित्रांनो, फाईलचे नाव फाईलच्या मजकुरात लिहिलेले नसते. तुमच्या शाळेत जनरल रजिस्टर असते ना? त्यात विद्यार्थ्याच्या नावात दुरुस्ती केली, तर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला जागचे हलावे लागत नाही. संगणकातही तसेच आहे. चकतीवर एक नोंदवही असते. अमुक नावाची फाईल, तिचा मजकूर अमुक ठिकाणी, अशा नोंदी तीत असतात. नाव बदलले की फक्त ही नोंद बदलते. मजकूर होता तेथेच राहतो.

याची परीक्षा तुम्हीच घ्या. एक पानभर पत्राची फाईल आणि एक मोठा चित्रपट, दोहोंची नावे बदलून पाहा. वेळ जवळजवळ सारखाच लागेल. आता दोहोंची नक्कल पेन ड्राइव्हवर काढा. चित्रपटाला कितीतरी अधिक वेळ लागतो, कारण आता खरोखरीच मजकूर वाहून न्यायचा असतो.

मग अडते कोठे?

एखादा कार्यक्रम फाईल उघडतो तेव्हा तो विंडोजला बजावून ठेवू शकतो, की माझे काम संपेपर्यंत हिचे नाव बदलू देऊ नका. फाईलच्या पत्त्यात फोल्डरचे नावही येते. म्हणून आतली एक फाईल उघडी असली, तरी बाहेरच्या फोल्डरचे नाव अडते. पुसलेला फोल्डर केराच्या टोपलीत जातो, म्हणजे त्याचाही पत्ताच बदलतो, तेही अडते. वाचून नक्कल काढण्यास मात्र बहुधा हरकत नसते.

आम्ही शेजारच्या खोलीत गेलो. तेथील संगणकावर, तारेने जोडलेल्या याच फोल्डरमधील शिष्यवृत्तीची यादी उघडी होती आणि एक बाई त्यात दुरुस्त्या करीत होत्या. म्हणजे सकाळपासून जुन्या यादीत एक आणि नव्या नकलेत दुसरे, अशा नोंदी चालल्या होत्या! एका मुलीच्या बँक खात्याचा चुकलेला आकडा बाईंनी जुन्या यादीत सुधारला होता. नकलेत तो चुकीचाच होता. जुना फोल्डर पुसला गेला असता, तर दुरुस्तीही गेली असती आणि त्या मुलीचे पैसे अडकले असते. ज्याला लिपिक संगणकाचा हट्ट म्हणत होते, त्यानेच ती दुरुस्ती वाचवली.

बटन बंद केले असते तर? विंडोज संगणकात सामान्यतः एन्‌टीएफएस ही नोंदपद्धती असते. ती १९९३ मध्ये आली. नोंदवहीतील बदल ती आधी एका रोजनिशीत टिपते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी नाव जुने किंवा नवे, यांपैकी एक शाबूत राहते. परंतु बाईंनी जतन न केलेल्या दुरुस्त्यांना हे संरक्षण नाही.

आम्ही यादी जतन करून बंद केली. दोन्ही प्रती कागदी अर्जांशी ताडून एक केल्या. मग नाव क्षणात बदलले.

आणखी काही अडसर

त्यानंतर लिपिकांनी एका पत्राला 'जा.क्र. ४५/२०२३' असे नाव देऊन पाहिले. तेही नाकारले गेले! \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे विंडोजमध्ये नावात चालत नाहीत, कारण त्यांना आधीच कामे नेमलेली आहेत. तिरकी रेघ पत्त्यातील फोल्डर वेगळे करते, तर तारका व प्रश्नचिन्ह शोधताना 'कोणतेही अक्षर' या अर्थाने येतात. तेथे '४५-२०२३' लिहावे.

सी, ओ, एन ही तीन इंग्रजी अक्षरे जोडून फोल्डरला नाव देऊन पाहा. मिळणार नाही! १९८१ च्या एमएस-डॉसपासून हे नाव कळफलक व पडदा यांच्यासाठी राखीव आहे.

पत्त्याच्या लांबीलाही मर्यादा आहे. विंडोजमधील पुष्कळ कार्यक्रमांत पूर्ण पत्ता सुमारे २६० चिन्हांत बसावा लागतो. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'धाराशिव' दिसायला चार अक्षरे, पण मोजताना सात, 'उस्मानाबाद' दहा. कोणी हौसेने 'जिल्हा धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)' असे नाव दिले, तर मोकळ्या जागा धरून ती छत्तीस होतात. पत्ता सव्वीस चिन्हांनी लांबतो आणि खोल आतल्या फायली उघडेनाशा होऊ शकतात.

शेवटची गंमत अशी, की जुन्या मराठी टंकांत अक्षरे इंग्रजी संकेतांवर बसवलेली असत. तशा पद्धतीने फाईलचे नाव टंकित केले, तर निरर्थक इंग्रजी अक्षरेच उमटतात. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा देणारे युनिकोड वापरले, तर नाव नीट दिसते.

करून पाहा

घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर 'प्रयोग' नावाचा फोल्डर करा. त्यात वर्डमध्ये लिहिलेली एक फाईल ठेवा. ती उघडी ठेवून फोल्डरचे नाव बदलून पाहा. नंतर ती बंद करून पुन्हा पाहा. प्रत्येक वेळी पडद्यावरील सूचना वहीत उतरून घ्या. मात्र प्रयोगासाठी कार्यालयाची खरी यादी घेऊ नका बरे का! आणि फाईल कोठेच उघडी दिसत नसेल, तरीही नाव अडले, तर सर्व कामे जतन करा, संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करा आणि मगच नावाला हात लावा.