मधुमेहातली जखम का रेंगाळते
खरचटलेल्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस उसळतो. औषध जंतूंना मारतंय याची ती खूण, असं बहुतेकांना वाटतं. तो फेस मुख्यतः उठतो तो आपल्याच रक्तातल्या आणि पेशींमधल्या कॅटालेज या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. कॅटालेज पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. बुडबुडे त्या ऑक्सिजनचे. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो. इतकी वेगवान सोय शरीरात आहे, कारण बाहेरून कोणी ओतलं नाही तरी पेरॉक्साइड आत सतत तयार होत असतं. पेशी ऑक्सिजन वापरत असताना त्यातल्या काही रेणूंना एक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि सुपरऑक्साइड हा उपद्रवी पदार्थ तयार होतो. त्याचं रूपांतर पेरॉक्साइडमध्ये करणारं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखलं. पुढची विल्हेवाट कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज लावतात. मधुमेहातल्या न भरणाऱ्या जखमेबद्दल आपण साखर, जंतू आणि रक्तपुरवठा यांविषयी बोलतो. या रक्षक विकरांविषयी फारसं बोलत नाही. ते बोलायला हवं, असं माझं मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड ही निव्वळ विषं नाहीत, जखम भरायला ती लागतात. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांच्या शेपटीला काप दिल्यावर काही मिनिटांत कडेच्या पेशींमधून पेरॉक्साइड पसरतं आणि त्याच्या मागावर पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. तिथे पोहोचलेल्या पांढऱ्या पेशी मग जंतू मारण्यासाठी मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतात. प्रश्न हे पदार्थ तयार होण्याचा नाही, ते वेळेवर आवरण्याचा आहे. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, तसं दाह ओसरल्याशिवाय नव्या मांसाची आणि नव्या रक्तवाहिन्यांची वाढ नीट सुरू होत नाही. बाटलीतलं तीन टक्के पेरॉक्साइड तर शरीराच्या या सूक्ष्म संकेतापेक्षा हजारो पटींनी तीव्र असतं. ते रोज जखमेवर ओतलं तर कोवळ्या पेशीही मरतात. त्यापेक्षा सलाइनने धुणं बरं.

मधुमेहात ही आवराआवर तीन बाजूंनी कोलमडते. पेशीत साखर जास्त शिरली की मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड जास्त बाहेर पडतं. मधुमेहाच्या अनेक गुंतागुंतींचं मूळ इथे आहे, असं मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडलं. दुसरं, जादा साखरेचं सॉर्बिटॉल करण्यात एनएडीपीएच नावाचा रेणू खर्च होतो, आणि पेरॉक्सिडेजने वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला जुंपायला नेमका तोच लागतो. तिसरं, साखर प्रथिनांना चिकटते तशी डिस्म्युटेजलाही चिकटते आणि त्याची ताकद कमी करते. यातून उलटसुलट वाटणारी अवस्था येते. पांढऱ्या पेशींनाही जंतू मारायला एनएडीपीएच हवाच असतो, त्यामुळे त्यांचा मारा दुबळा पडतो, आणि तरीही आजूबाजूचं मांस होरपळत राहतं. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड सुपरऑक्साइडशी जुळून वाया जातो. दाह लांबल्यामुळे कोलॅजन कुरतडणारी विकरं वाढतात आणि नव्याने विणलेलं मांस पुन्हा उसवतं. उलट बाजूचा पुरावाही आहे. मधुमेही उंदरांच्या, रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रियातलं डिस्म्युटेज वाढवून त्या जखमांवर सोडल्या, तेव्हा जखमा लवकर मिटल्या. अर्थात उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची बरीचशी नवं मांस भरून. म्हणून या निष्कर्षाला मी उपचार म्हणणार नाही.

पायाचे डॉक्टर इथे रास्त आक्षेप घेतील. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की संवेदना गेलेल्या पायाचं मांस मुळातच सडकं नसतं. वेदना कळत नाही म्हणून तो पाय त्याच जागी पुन्हा पुन्हा दाबला जातो. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की व्रण भरतो. पुढे अमेरिकेत कार्व्हिलला त्यांनी हाच विचार मधुमेही पायांना लावला. मग विकरांची चर्चा कशाला? ब्रँड यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि जखमेवरचा भार काढणं हा पहिला उपाय आहेच. पण रक्तपुरवठा तुटून परत सुरू होताना सुपरऑक्साइडचा लोंढा येतो, हे पुढे मॅकॉर्ड यांनीच मांडलं. पाऊल टेकलं की रक्त थांबतं, उचललं की परत येतं. विकरं आधीच थकलेली असतील तर अशा प्रत्येक पावलाचा भुर्दंड मोठा असणार. भार काढल्याने मांस दबायचं थांबतं आणि विकरांवरचा ताणही हलका होतो, असा माझा तर्क आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत नऊ हजारांहून अधिक लोक होते, त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त मधुमेही. साडेचार वर्षांच्या ई जीवनसत्त्वाने हृदयविकारात फरक पडला नाही. ती चाचणी जखमांची नव्हती, पण अपेक्षा आवरायला पुरेशी आहे. जीवनसत्त्वाचा रेणू एकदा वापरला की त्याला पुन्हा कामाला जुंपायला दुसऱ्या रेणूंची मदत लागते. विकर तेच काम पुन्हा पुन्हा करतं, तेही पेशीत नेमक्या जागी. आणि विकरच गिळलं तर ते प्रथिन म्हणून बहुतेक पोटातच पचून जातं.

राहतो तो साखर आटोक्यात ठेवण्याचा मार्ग, पण तोही लगेच फळ देत नाही. टाइप १ मधुमेहींवरची 'डीसीसीटी' चाचणी १९९३ मध्ये संपली. तिच्यात एका गटाची साखर काटेकोर ठेवली होती, दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीने. त्यानंतर काही वर्षांत दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी ज्यांची आधी काटेकोर ठेवली होती त्यांच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना पुढे अनेक वर्षं कमी इजा झाली. शरीर जुनी साखर विसरत नाही. कोलॅजनला चिकटलेली साखर कोलॅजन बदलेपर्यंत तिथेच राहते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि जखम तशीच आहे, तेव्हा पेशंटने काही चोरून खाल्लं असेल असा संशय घेण्याआधी घरच्यांनी हे लक्षात घ्यावं. ड्रेसिंग आणि पायावरचा भार टाळणं रिपोर्टकडे बघून थांबवू नये. ते कधी थांबवायचं हे जखम तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्यावं.