संकेत (युनिक्स प्रक्रिया)

युनिक्स आणि तिच्या धर्तीवर घडलेल्या लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, चालू असलेल्या प्रक्रियेला एखाद्या घटनेची वर्दी देण्यासाठी कर्नल जी क्रमांकित खूण वापरतो, तिला संकेत किंवा सिग्नल असे म्हणतात. प्रक्रिया म्हणजे स्मृतीत उतरवून चालवला जात असलेला प्रोग्रॅम. कर्नल म्हणजे सर्व प्रक्रियांवर आणि यंत्रसामग्रीवर देखरेख करणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. संकेत कोणीही पाठवला, तरी तो पोहोचवण्याचे काम कर्नलच करतो.

संकेत अनेक कारणांनी उद्भवतात. वापरकर्त्याने कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की टर्मिनलवरील प्रक्रियेला सिगइंट (क्रमांक २) जातो. प्रोग्रॅमने आपल्या हक्काबाहेरच्या स्मृतीला हात घातला की सिगसेगव्ही (क्रमांक ११) येतो. अपत्य प्रक्रिया संपली की जनक प्रक्रियेला सिगचाइल्ड मिळतो. एक प्रक्रिया दुसऱ्या प्रक्रियेला किल या सिस्टीम कॉलद्वारे संकेत पाठवू शकते; मात्र दोन्ही एकाच वापरकर्त्याच्या असाव्या लागतात किंवा पाठवणाऱ्याकडे विशेषाधिकार असावा लागतो. ‘किल’ हे नाव फसवे आहे. हा कॉल कोणालाही थेट मारत नाही, तो केवळ संकेत पाठवतो. त्याच नावाची आज्ञा क्रमांक न देता वापरली तर सिगटर्म (क्रमांक १५) जातो, म्हणजे आवराआवर करून थांबण्याची विनंती.

नोंद आणि पोहोच

संकेत उद्भवणे आणि तो पोहोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामधील अंतर लक्षात घेतले नाही, तर संकेतांचे पुढील सारे वर्तन विक्षिप्त वाटते.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेच्या नोंदीत प्रलंबित संकेतांचा एक संच असतो आणि प्रत्येक क्रमांकाला त्यात एक बिट असतो. संकेत उद्भवताच कर्नल तो बिट १ करतो, ‘संकेत प्रलंबित आहे’ असे निशाण लावतो आणि प्रक्रिया झोपेत असेल तर तिला जागे करतो. अनेक थ्रेड असलेल्या प्रक्रियेत असे संच दोन प्रकारचे असतात: प्रत्येक थ्रेडचा खाजगी आणि सर्वांचा सामाईक. पाठवणाऱ्याचे काम येथे संपते. पुढचे काम लक्ष्य प्रक्रियेच्या स्वतःच्या वाट्याला येते. सिस्टीम कॉल किंवा इंटरप्ट आटोपून ती कर्नलमधून आपल्या प्रोग्रॅमकडे परतण्याच्या बेतात असते, तेव्हा उंबरठ्यावरच निशाण तपासले जाते आणि संकेताचा निकाल लागतो.

एका क्रमांकाला एकच बिट असल्याने साधे संकेत मोजले जात नाहीत. दारावर ‘भेटून जा’ अशी पाटी आधीच लटकत असेल, तर दुसऱ्याने येऊन तीच पाटी लावण्याने काही वाढत नाही. तीन अपत्य प्रक्रिया लागोपाठ संपल्या तरी जनकाला सिगचाइल्ड एकदाच मिळू शकतो. ‘एक संकेत म्हणजे एक अपत्य’ असे गृहीत धरून लिहिलेल्या सर्व्हरमध्ये मृत प्रक्रियांच्या नोंदी साचत जातात. म्हणून अशा ठिकाणी संपलेले अपत्य शिल्लक नाही असे उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागते. रांगेत राहणारे, सोबत एक मूल्य वाहून नेणारे रिअल-टाइम संकेत पॉझिक्स मानकात १९९३ साली आले. लिनक्समध्ये ते ३२ पासून पुढच्या क्रमांकांवर आहेत.

नऊ क्रमांकाची मर्यादा

पोहोचलेल्या संकेताचे तीनपैकी एक काही होते: तो दुर्लक्षिला जातो, ठरावीक कृती घडते किंवा प्रोग्रॅमने नेमलेले हँडलर हे फंक्शन चालते. प्रक्रिया काही संकेत तात्पुरते रोखूनही धरू शकते. सिगकिल (क्रमांक ९) आणि सिगस्टॉप हे दोन मात्र रोखता, दुर्लक्षिता किंवा हाताळता येत नाहीत.

म्हणून अडलेल्या प्रोग्रॅमवर थेट ९ क्रमांक सोडण्याची सवय अनेकांना असते. ती चांगली नव्हे. सिगटर्म मिळाल्यावर प्रोग्रॅम अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण करू शकतो, तात्पुरत्या फाइली पुसू शकतो. सिगकिलनंतर त्याला एकही सूचना चालवता येत नाही. शिवाय ९ क्रमांकही उंबरठ्याच्या नियमाला अपवाद नाही. डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइल सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत प्रक्रिया अखंड निद्रेत असेल, तर तिला संकेताने जाग येत नाही आणि ती मरतही नाही. २००८ साली लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत केवळ प्राणघातक संकेतांना जाग येणारी मधली निद्रा आणली गेली, तेव्हा ही अडचण काही अंशी दूर झाली.

पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेला कर्नल विशेष संरक्षण देतो: तिने हँडलर नेमलेला नसेल, तर सिगटर्मची ठरावीक कृती तिच्यावर होत नाही. डॉकर कंटेनरमधील मुख्य प्रोग्रॅम हा कंटेनरपुरता पहिला क्रमांकच असतो. त्यामुळे काही कंटेनर थांबवताना १० सेकंद ताटकळावे लागते आणि मग सिगकिल येतो.

हँडलर

हँडलर चालवण्यासाठी कर्नल प्रक्रियेच्या रजिस्टरांमधील मूल्ये तिच्याच स्टॅकवर जपून ठेवतो आणि पुढची सूचना म्हणून हँडलरचा पत्ता देतो. हँडलर संपल्यावर सिगरिटर्न हा सिस्टीम कॉल होतो, जुनी मूल्ये परत बसवली जातात आणि प्रोग्रॅम जिथे अडला होता तिथून पुढे चालू लागतो.

बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) संकेत पोहोचताच हँडलरची नेमणूक रद्द होत असे. ती पुन्हा करण्याआधी तोच संकेत दुसऱ्यांदा आला, तर प्रोग्रॅम बंद पडे. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीने ही उणीव दूर केली आणि १९८८ च्या पॉझिक्स मानकाने सिगॲक्शन हा आजचा मार्ग रूढ केला.

एक धोका मात्र उरला. हँडलर प्रोग्रॅमला कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये गाठतो. स्मृती वाटप करणारे मॅलॉक आपली यादी अर्धवट बदलून थांबलेले असताना हँडलरने पुन्हा मॅलॉकलाच हाक मारली, तर ती यादी बिघडते. म्हणून हँडलरमध्ये वापरण्यास सुरक्षित अशा मोजक्याच फंक्शनांची यादी पॉझिक्स देते. मॅलॉक आणि प्रिंटएफ तिच्यात नाहीत.

हा नियम पुस्तकी नाही, हे १ जुलै २०२४ रोजी दिसले. क्वालिस या संस्थेने ओपनएसएसएच सर्व्हरमधील एक त्रुटी त्या दिवशी जाहीर केली. दिलेल्या मुदतीत, सामान्यतः १२० सेकंदांत, लॉगिन पूर्ण झाले नाही की सर्व्हरला सिगअलार्म येई आणि त्याचे हँडलर सिसलॉगमध्ये नोंद करी. ग्लिबसी वापरणाऱ्या लिनक्सवर सिसलॉग आतून मॅलॉकला हाक मारते. अचूक क्षण साधणाऱ्या हल्लेखोराला त्यातून पासवर्डविना रूटचे अधिकार मिळवता येत. ३२ बिटांच्या यंत्रावर त्यासाठी सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. हीच त्रुटी २००६ साली दुरुस्त झाली होती आणि २०२० मधील एका बदलात संरक्षक ओळ निघून गेल्याने परत आली.

यामुळे जाणते प्रोग्रॅमर हँडलरमध्ये फक्त एक चल बदलतात किंवा पाइपमध्ये एक बाइट लिहितात आणि खरे काम मुख्य आवर्तनावर सोपवतात. लिनक्समध्ये २००७ पासून सिग्नलएफडी हा कॉलही उपलब्ध आहे. त्यात रोखून धरलेले संकेत फाइल वाचावी तसे वाचता येतात आणि त्या संकेतांपुरते हँडलर लागतच नाही.