सोपारा : एका दिवसाची बंदरयात्रा

व्यापारानिमित्त मुंबईस जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबांनी एक दिवस राखून पाहावे, असे प्राचीन बंदर मुंबईच्या उत्तरेस आहे : सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा. धामणगाव वा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी; दादरहून पश्चिम रेल्वेची लोकल तेथे पोहोचविते.

ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी प्रवासग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. श्रीपाल राजाच्या कथेतील सोपारक नगर ते हेच, अशी जैन परंपरा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती आला.

पुढे खाडी गाळाने भरली, जहाजे येईनाशी झाली आणि वैभव ओसरले. तरीही सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव टिकले, ते नाणेघाटातील पाण्याच्या टाक्यामुळे. त्याची संपत्ती किती होती, हे तेथील लेख सांगत नाही. दान मात्र सांगतो.

दुपारी विरारजवळील आगाशी येथे मोतीशा शेठ यांनी बांधविलेल्या श्रीमुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात दर्शन घ्यावे. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय आधीच विचारून ठेवावी. मुलांना स्तूप दाखविताना गोविंददासाच्या टाक्याविषयीही अवश्य सांगावे. बंदर बुजले, पण दिलेले पाणी विस्मृतीत गेले नाही, हे त्यांना कळेल.