पिशवी नसलेला ओपोसम

कांगारूच्या पोटावरील पिशवी तुम्ही चित्रात पाहिली असेल. अपुऱ्या वाढीचे पिलू जन्मल्यावर या पिशवीत शिरते आणि तेथे दूध पीत मोठे होते. अशा प्राण्यांना शिशुधान प्राणी म्हणतात. परंतु याच गटातील एका छोट्या प्राण्याला पिशवीच नसते! तो म्हणजे ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे या देशांत आढळणारा आखूड शेपटीचा करडा ओपोसम. त्याचे शास्त्रीय नाव मोनोडेल्फिस डोमेस्टिका. वजन साधारण १०० ग्रॅम. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधून काही ओपोसम अमेरिकेत नेण्यात आले. तेव्हापासून त्यांची प्रयोगशाळेत पैदास होत आहे.

या प्राण्याचा गर्भकाळ अवघा १४ दिवसांचा असतो. त्यातील बराच काळ गर्भ एका पातळ कवचात असतो. आईच्या रक्तातून पोषण मिळवून देणारी वार अगदी शेवटच्या काही दिवसांपुरतीच तयार होते. मग सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे पिलू जन्मते. अशी दहा पिले एकत्र तोलली, तर वजन जेमतेम १ ग्रॅम भरेल! त्याचे डोळे व कान बंद असतात, मागचे पाय म्हणजे नुसते अंकुर असतात. मेंदूची वाढ सहा आठवड्यांच्या मानवी गर्भाइतकीच झालेली असते.

मग ते जगते कसे? त्याचे पुढचे पाय मात्र मजबूत असतात. त्यांच्या साहाय्याने ते आईच्या पोटावर सरकत स्तनाग्र गाठते, ते तोंडात धरते आणि सुमारे दोन आठवडे तेथेच लोंबकळत राहते. जन्मताच ज्या अवयवांची गरज, त्यांची वाढ आधी. बाकीच्यांची सावकाश, असा हा क्रम आहे.

शास्त्रज्ञांना या प्राण्याचे महत्त्व वाटते ते यामुळेच. उंदराचा गर्भ या अवस्थेत आईच्या पोटात असतो. त्याचे निरीक्षण करायचे, तर आईवर शस्त्रक्रिया करावी लागते. ओपोसमचे पिलू त्याच अवस्थेत बाहेर, डोळ्यांसमोर असते. पिशवीचाही आडोसा नसतो.

याचा उपयोग मज्जारज्जूच्या अभ्यासात झाला. पाठीच्या कण्यातील हा रज्जू अपघातात तुटला, तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात, कारण प्रौढ स्तन प्राण्यांत तुटलेले तंतू पुन्हा जोडले जात नाहीत. ओपोसमच्या पिलांत निराळेच आढळले. पहिल्या आठवड्यात बधिर करून मज्जारज्जू कापला, तरी काही तंतू जखमेपलीकडे वाढतात. मोठेपणी हे प्राणी जवळजवळ नेहमीसारखे चालतात. मात्र चार आठवड्यांच्या पिलांत तंतूंची अशी वाढ होत नाही.

याचा अर्थ, दुरुस्तीची क्षमता स्तन प्राण्यांतही असते, पण वय वाढताना ती नाहीशी होते. या काळात कोणती जनुके चालू होतात, कोणती बंद पडतात? २००७ साली ओपोसमची संपूर्ण जनुकीय माहिती प्रसिद्ध झाली. शिशुधान प्राण्यांतील ही पहिलीच. त्यामुळे हा शोध सोपा झाला आहे. माणसासाठी उपचार अजून हाती आलेला नाही. परंतु नेमके काय शोधायचे, हे या इवल्या पिलांनी दाखवून दिले आहे.