फळ्यावरचा वाद

व्यंगचित्र म्हटले की हसू आठवते. परंतु ब्रेंडा कीओ आणि स्टुअर्ट नेलर यांनी इंग्लंडमध्ये १९९१ साली विज्ञानाच्या वर्गासाठी जी चित्रे योजिली, त्यांत विनोद जवळजवळ नाहीच. बर्फाच्या माणसाला कोट घातला तर तो लवकर वितळेल की उशिरा, यावर मुले वाद घालीत आहेत, एवढेच त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात आहे. निवाडा चित्रात नसतो.

रत्नागिरीच्या मुलाला हिमपुरुष परका. ते चित्र जसेच्या तसे उचलून भागणार नाही. मिरकरवाडा बंदरात मासळीसाठी येणारा बर्फ मात्र त्याच्या ओळखीचा आहे. ही लादी घोंगडीत गुंडाळली तर? घोंगडी ऊब देते, तेव्हा बर्फाचे लवकर पाणी होणार, असे अनेक मुले ठामपणे सांगतील. मग दोन सारख्या वाट्या, दोन सारखे खडे, एका वाटीभोवती घोंगडीचा तुकडा आणि एक घड्याळ. घोंगडी उष्णता निर्माण करीत नाही, तिची वाट अडविते, हे त्यातून उलगडते.

चित्रातील चुकीचे विधान मनात रुजेल, ही भीती अनाठायी आहे. ते तेथे आधीच असते. चित्रातील पात्राच्या तोंडी घातले की बोलण्याची लाज सरते, इतकेच. खर्च म्हणाल तर खडूचा. खरी टंचाई आहे ती तासिकांची, आणि वादाला उत्तरपत्रिकेत गुण नाहीत. शालान्त परीक्षेत असा एक प्रश्न घातला, तर शाळा त्यासाठी वेळ आपण होऊन काढतील.