चौऱ्याऐंशी सूर आणि एक कानस

पेटीला हात लावण्याआधी मेस्त्रींनी उदबत्ती पेटवली, तेव्हा मी चपला काढून जरा सरळ बसलो. नमस्कार वगैरे मात्र काही झाला नाही. सगळे खटके बंद ठेवून पेटीवादक पायाने भाता फुगवत होता आणि मेस्त्री ती उदबत्ती पेटीच्या कडेकडेने सावकाश सरकवत होते. धुराची रेघ सरळ वर चाललेली. मागच्या कोपऱ्याशी ती एकदम आडवी झाली. "हय जाता वारो," म्हणत त्यांनी तिथे खडूने फुली मारली. अशा अकरा फुल्या झाल्या.

मालवणपासून आत, कट्ट्याच्या वाटेवरच्या एका गावातली ही पडवी. नवरात्र संपून आठवडा झालेला, भात कापणीला आलेलं. दशावतारी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायला वर्षात हेच काय ते दिवस मिळतात. पावसाळ्यात नाटकं जवळजवळ थांबतात, पेटी रिकामी असते. पण तेव्हा चिकटवलेलं चामडं आठ-आठ दिवस ओलं राहतं, लाकूड फुगतं आणि पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की पुढे वैशाखापर्यंत पेटीला सुट्टी नाही. मधल्या कोरड्या तीनेक आठवड्यांत मेस्त्रींच्या पडवीत चालायला जागा नसते.

दशावतारात वाजते ती पायपेटी. पायाने वारा भरायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० मध्ये पेटंट घेतलेलं वाद्य पायानेच चालत होतं. डाव्या हाताने भाता मारायची बैठी पेटी नंतरची, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवलेली. भजनाच्या डबलबारीत बुवांच्या पुढ्यात ही बैठी पेटी असते. देवळातल्या दशावतारात मात्र बाकड्याचं सिंहासन, मृदंग, झांज आणि ही उभी पायपेटी. रात्री उशिरा गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान आणि उजाडताना दहीकाला. तेवढा सगळा वेळ पेटीवादकाचे पाय चालू. सकाळी पेटी मिटून टेम्पोत, संध्याकाळी दुसऱ्या गावात. शिवाय समुद्राचं खारं वारं. वाद्याला याहून वाईट संसार मिळणं कठीण.

"आधी वारो, सूर मागसून," हा मेस्त्रींचा क्रम. वारा गळत असेल तर सुरावर केलेली मेहनत फुकट, कारण दाब कमी-जास्त झाला की सूरही किंचित हलतो. भात्याच्या घड्यांचं चामडं कोपऱ्यांत तडकलं होतं, एका जागी उंदराने कुरतडलं होतं. शेळीच्या पातळ चामड्याचे तुकडे कापून, त्यांच्या कडा सुरीने तासून आणखी पातळ करून ते सरसाने बसवायचे. सरसाचं भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात. थेट विस्तवावर ठेवून उकळू दिला की त्याची चिकटी जाते. बाजारातला पांढरा गोंद सोपा नाही का, असं मी विचारलं. मेस्त्रींनी उत्तर न देता भात्याची एक कड दाखवली. आधीच्या कोणीतरी तिथे पांढरा गोंद भरला होता आणि तो सोडवताना लाकडाची साल निघाली होती. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. हाच त्याचा दोषही आहे, विशेषतः आमच्या आषाढात. म्हणून बाहेरच्या खोक्याला त्यांनी पांढराच गोंद वापरला; जे पुन्हा उघडावं लागणार, तिथे सरस.

पट्ट्या काढल्या. एकूण ४२, साडेतीन सप्तकं. प्रत्येकीच्या पोटाला पेन्सिलीने आकडा घातला, कारण दिसायला सारख्या असल्या तरी एकीची जागा दुसरीला नीट होत नाही. खाली जे सापडलं ते चाळणीत गोळा झालं: अबीर, तोंडाला लावायची पावडर, मुकुटाचे मणी, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि एक चवन्नी. २०११ मध्ये चवन्नी चलनातून गेली, तेव्हा निदान त्याआधीपासून तिथे कोणी पोहोचलेलं नव्हतं.

मग सूर. पेटी दुरुस्त करणारे रीडला सूरच म्हणतात: पितळी चौकटीत एका टोकाला रिव्हेटने ठोकलेली पितळी जीभ, दुसरं टोक मोकळं. वारा गेला की ती थरथरते. या पेटीत खर्ज आणि नर अशा दोन ओळी, म्हणजे ८४ सूर. मेस्त्रींनी एकेक काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडला. खाऱ्या हवेने काहींवर हिरवट पूड धरली होती. घरातली पितळेची भांडी आपण चिंचेने नाहीतर सोलांनी लखलखीत करतो. इथे ते पाप. आंबट पाणी रिव्हेटखाली राहतं आणि आतून खात बसतं. मऊ ब्रश फिरवायचा, जिभेखालून पातळ कागदाची पट्टी ओढून काढायची, बस.

त्यानंतर मेस्त्रींनी भिंग माझ्या हातात दिलं. प्रत्येक जिभेवर बारीक ओरखडे होते. जिभेचं टोक घासलं की ते हलकं होतं, जीभ जलद हलते, सूर चढतो. मुळाशी घासलं की ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. म्हणजे चढवा नाहीतर उतरवा, पितळ कमीच होत जाणार. या पेटीवर निदान तीन हातांच्या कानशी फिरल्या होत्या. एकाचा हात हलका, आडव्या केसासारख्या रेघा. दुसरा घाईतला: टोक घासून सूर जास्त चढवलेला, मग मूळ घासून खाली आणलेला. तिसऱ्याने तर सुरीचं पातंच वापरलं असावं. "हे तीन झाले," मेस्त्री म्हणाले. "चवथो मी. पितळ काढलास तर परत येवचा नाय."

इथे खरा वाद झाला. मंडळात एक तरुण मुलगा हल्ली ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कारांच्या, वेळी कीबोर्ड वाजवतो. त्याच्या मोबाइलवरच्या ट्यूनरने सांगितलं होतं की पेटी सगळीकडून सारखीच उतरलेली आहे, साधारण पाव पट्टीने. सगळी पेटी कीबोर्डला जुळवून चढवा, असा निरोप आला होता. मेस्त्रींनी हिशेब मांडला: ८४ जिभांची टोकं घासायची, आणि त्यातल्या वीसेक आधीच कागदासारख्या. पेटीवादक थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "माका आवाज तसोच व्हयो."

मला आधी तो हट्ट वाटला. नंतर पटलं. नट गातात ते पेटीच्या सुरात. मृदंगाचे गठ्ठे ठोकून तो मिळवतात तोही पेटीला. पेटी आपल्या आत जुळलेली असेल तर त्या देवळात ती उतरलेली ठरवणार कोण? उरला कीबोर्ड, त्यात सूर पाव पट्टी खाली करायची सोय असते, एक आकडा बदलावा लागतो. पेटी या वाद्यालाच १९४० ते १९७१ आकाशवाणीवर बंदी होती, तिच्या ठरीव बारा सुरांत मींड नाही, श्रुती नाहीत म्हणून. तक्रार खोटी नव्हती. पण त्या काळात कोकणातली भजनं काही पेटीवाचून थांबली नाहीत.

तेव्हा सगळी पेटी चढवायची नाही, फक्त आपापसात फुटलेले सूर जुळवायचे, असं ठरलं. सात निघाले. खर्ज आणि नर एकत्र दाबले की जुळलेले सूर एकजीव होतात. फरक असेल तर आवाजात लाट उठते, वाँव-वाँव-वाँव. मेस्त्री डोळे मिटून ती लाट ऐकतात. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून कानशीचे दोनच हात, सूर परत जागेवर बसवायचा, पट्टी दाबायची. बाहेर फुंकून तपासला तर चालत नाही, कारण पेटीच्या पोटात तोच सूर थोडा वेगळा बोलतो. म्हणून पुन्हा काढा, पुन्हा बसवा. एका सुराला चाळीस मिनिटं गेली. लाट लांब होत होत विरली तेव्हा मला कळलंही नाही. मेस्त्रींनी डोळे उघडले, त्यावरून समजलं.

एक जीभ मुळाशी तडकलेली होती. नवे सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, मेस्त्रींकडे त्यांचे खोके आहेत. पण त्यांनी माळ्यावरून मेलेल्या पेट्यांच्या सुरांचा डबा काढला आणि तासभर शोधून एक जुना सूर बसवला. नवा बसवला असता तर शेजाऱ्यांपेक्षा तोच मोठ्याने बोलला असता.

खटक्याची एक गुंडी हरवली होती. ती सावंतवाडीच्या चितारआळीत कातून घ्यायची ठरली. तोवर दोऱ्याचं रिकामं रीळ खोचलं.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. पेटीवादकाने खालून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या. वरच्या सप्तकातली शेवटून दुसरी अजून थोडी खालीच होती. त्याने मेस्त्रींकडे पाहिलं.

"तो आता घासूचो नाय. मरतलो," मेस्त्री म्हणाले.

"ऱ्हवांदे," पेटी मिटत तो म्हणाला, "थय मी खय जातंय?"